जे बोलेल तेच लिहायचं

आमच्या घरात भिंतीवर चढलेलं पहिलं सर्टिफिकेट माझं, आणि ते मला नीट वाचता येत नाही याबद्दल मिळालेलं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तीन दिवस मला ठोकळे रचायला, चित्रं जोडायला आणि ओळी वाचायला लावून ते दिलं होतं. वर डिस्लेक्सिया असा शब्द, खाली दोन सह्या, त्याखाली गोल जांभळा शिक्का. माझे बाबा अंधेरीला एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन होते. साहेबलोकांच्या खुर्चीमागे भिंतीवर काय टांगलेलं असतं हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. येतायेताच त्यांनी तो कागद लॅमिनेट करून घेतला आणि देव्हाऱ्याशेजारी खिळा मारून लावला. आईने त्याला कुंकवाचं बोट लावलं. शेजारच्या राणेमावशी दारातून डोकावून म्हणाल्या, "पहिली इली की काय गो वैशू?" आई म्हणाली, "नाय गो, हिका वाचूक येणा नाय म्हणान गावला," आणि त्यांच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली. मावशींनी वडी खाल्ली, सर्टिफिकेटला हात जोडले आणि मला अशीच पुढे जा म्हणून आशीर्वाद दिला.

हे सगळं मी आता मोबाईलला सांगतेय आणि तो लिहितोय. साकीनाक्याला माझं जुन्या ऑफिस-फर्निचरचं गोडाऊन आहे. बंद पडलेल्या ऑफिसांतून खुर्च्या-कपाटं उचलायची आणि नवीन उघडणाऱ्यांना विकायची, हा माझा धंदा. माझ्याशी भाव करायला आलेला माणूस येताना खुर्ची घ्यायला येतो आणि जाताना टेबलही घेऊन जातो, असं बाजारात म्हणतात. मोबाईल लिहितो बरा, पण मी रागावले की शिव्यांच्या जागी फुल्या टाकतो. फिलूने असं कधी केलं नसतं. फिलू कोण ते सांगते, पण त्याआधी विमानं सांगायला हवीत, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

आम्ही वाकोल्याला राहायचो. एक खोली, वर पोटमाळा, आणि त्याच्या वर विमानं. ती इतकी खालून जायची की मांडणीवरची ताटं आपसांत बोलायला लागायची. त्यामुळे घरात सगळ्यांना एक सवय होती. बोलताबोलता थांबायचं, हात वर करायचा, "थांब, विमान जाऊ दे" म्हणायचं आणि विमान गेलं की ज्या शब्दावर थांबलो त्याच शब्दावरून पुढे सुरू करायचं. भांडणंसुद्धा अशीच चालायची. आई बाबांना म्हणायची, "तुमच्या भावान माका," मग हात वर, मग विमान, मग "कधी विचारल्यान काय?" राग तेवढा वेळ हवेत तसाच लटकून राहायचा. मी आजही कुणावर चिडले की मधेच एक क्षण थांबते. समोरच्याला वाटतं मी विचार करतेय.

शाळेत मी नववीपर्यंत कशी पोहोचले याचं लोकांना नवल वाटतं. माझे कान चांगले होते. राणेमावशींचा सुधीर, माझ्याच इयत्तेतला, पलीकडच्या खोलीत मोठ्याने धडे वाचायचा. मधे फक्त पत्र्याचं पार्टिशन. तो दोनदा वाचायचा आणि माझा धडा पाठ व्हायचा. वर्गात वाचायला उभं केलं की मी पुस्तक धरायची आणि धडाधड बोलायची. लिहायला मात्र सुधीरचा उपयोग नव्हता. अक्षरं माझ्या हाताखाली मुंग्यांसारखी पळायची. प्रभुदेसाईबाई आम्हाला भूगोल-अर्थशास्त्र शिकवायच्या आणि सलग चार वर्षं त्याच माझ्या वर्गशिक्षिका होत्या. दरवर्षी त्यांनी लाल पेनाने माझ्या प्रगतिपुस्तकात एकच शब्द लिहिला, निष्काळजी. तो शब्द मला वाचता आला नाही, पण त्याचा आकार पाठ झाला. सगळा वर्ग त्यांना त्या लाल पेनापायी मिरची म्हणायचा. मी एकटी नव्हते, हे आताच सांगून ठेवते.

मला पकडलं ते सुजाताबाईंनी. त्या कुणाच्यातरी बाळंतपणाच्या रजेत बदली म्हणून चार महिन्यांपुरत्या आल्या होत्या. नववीत होते मी. त्यांनी वाचायला सांगितलं, मी उभी राहिले आणि झकास वाचलं. त्या जवळ आल्या, माझ्या हातातलं पुस्तक बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "वैशाली, तू सातवा धडा बोलतेयस. पान चौथ्या धड्याचं आहे." मला वाटलं आता वाट लागली. पण त्या ओरडल्या नाहीत. मधल्या सुट्टीत मला शेजारी बसवून घेतलं, आपल्या डब्यातली भरली भेंडी दिली आणि बाबांना बोलावून इस्पितळाचा पत्ता लिहून दिला. चार महिन्यांनी त्या गेल्या. कुठल्या शाळेत गेल्या ते मला अजून सापडलेलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुढे या गोष्टीचं श्रेय दुसऱ्याच कुणीतरी घेतलं.

सर्टिफिकेट घेऊन बाबा आणि मी शाळेत गेलो. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांना हसताना शाळेत कुणी बघितलेलं नव्हतं, शिपायानेही नाही. त्यांनी ते चकचकीत सर्टिफिकेट उजेडात धरलं. "ओरिजिनल लॅमिनेट करतात का कुणी?" बाबा म्हणाले, "खराब होऊ नये म्हणून हो, घरात फोडणीचा धूर असतो." मोठ्या बाईंनी कपाटातून बोर्डाचं परिपत्रक काढून वाचलं. अशा मुलांना अर्धा तास जास्त मिळतो, शुद्धलेखनाचे मार्क कापत नाहीत, आणि उत्तरं तोंडी सांगून ती लिहून घ्यायला लेखनिक मिळतो. लेखनिक खालच्या इयत्तेतला हवा, म्हणजे त्याने आपल्या डोक्यातलं लिहू नये. मी ऐकत होते आणि माझ्या अंगात बाजार संचारला. "अर्ध्याऐवजी पाऊण तास करा ना बाई," मी म्हटलं. बाबांनी माझ्या पायावर पाय दिला.

प्रभुदेसाईबाई तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बघितलंत? हिला सवलत हवी आणि त्यावर घासाघीसही हवी. हिला सगळं येतं बाई, फक्त कष्ट नकोत. उद्या वर्गातले सगळेच असले कागद आणतील." मोठ्या बाईंनी परिपत्रक घडी करून कपाटात ठेवलं. मग त्यांनी अट घातली. दहावीच्या पूर्वपरीक्षेला मला लेखनिक मिळेल. त्यात मी पास झाले तर माझा सवलतीचा अर्ज शाळा बोर्डाकडे पाठवेल. नाही झाले तर मी शाळेतून बसायचं नाही, घरी बसून पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. बाहेरून बसणाऱ्यांचा तो फॉर्म. तो भरून आमच्या चाळीतल्या तिघी मुली बसल्या होत्या आणि तिघींची पुढच्या वर्षी लग्नं झाली होती. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "बारा मजले मी रोज शंभर वेळा वर-खाली करतो वैशू. तू एकदा वर जा. खाली नको येऊस."

आता लेखनिक. खालच्या इयत्तेतली, अक्षर चांगलं, आणि माझ्या ओरडण्याला न घाबरणारी. पहिली मुलगी दुसऱ्याच दिवशी रडली. दुसरीला भोवळ आली, असं तिची आई म्हणते. मग कुणीतरी सांगितलं, वाकोल्याच्या गावठाणात फिलोमिना आहे, आठवीतली, तिचं अक्षर छापल्यासारखं. मी तिच्या घरी गेले. ओट्यावर तिची आई, रेजिनाआंटी, लाल मिरच्या आणि धणे उन्हात घालून बसली होती. आत फिलू देवाच्या फोटोखाली वही पूर्ण करत होती, दोन वेण्या, पाठ एकदम सरळ. आंटी म्हणाली, "लिहील गो ती. पण मला काय?" मी म्हटलं, आईच्या हातचे वडे-सागुती. आंटीने नाक मुरडलं. घावणे म्हटलं. तेही नको. मग ती जरा लाजून म्हणाली, "तू बाजारात भाव करते तो मी बघितलाय. मला नाय जमत. कोळीण बोलेल तेवढे देऊन येते, मग माझा नवरा मला हसतो. दर रविवारी चर्चमधून आली की माझ्यासंगती मासळीला चल." सौदा झाला. पहिल्याच रविवारी मी तिला अर्ध्या भावात दोन हलवे मिळवून दिले आणि वर मूठभर कोळंबी. घरी जाताना आंटी रस्ताभर हसत होती, भेटेल त्याला पिशवी उघडून दाखवत होती. आयुष्यात मला मिळालेली पहिली नोकरी ती, आणि मी तिथे बढतीच्या लायकीची होते.

रोज संध्याकाळी फिलू आमच्या पोटमाळ्यावर यायची. मी बोलायची, ती लिहायची. ती फार शहाणी होती. मी मधेच आईला ओरडून चहा मागितला तर ते लिहायची नाही. विमान आलं की पेन उचलायची. "फिलू, मी किती बोलते ना गं," मी विचारायची. "खूप," ती म्हणायची. "पण त्यातला थोडा चांगला असतो." शनिवारी ती पापकबुलीला जायची आणि तिथे सांगायला काही सापडलं नाही तर हवालदिल व्हायची. एकदा तिने माझ्यासमोर बसून विचार करकरून दोन पापं आठवली. त्यांतलं एक असं होतं की तिने भावाच्या ताटातला पापड उचलायचा विचार केला होता.

पूर्वपरीक्षेत बाकीच्या पोरींना माझ्या बोलण्याचा त्रास नको म्हणून मला वेगळी खोली हवी होती. शाळेत रिकामी खोली नव्हती, म्हणून खेळाच्या सामानाच्या खोलीत बाक टाकलं. भिंतीवर लेझिमी टांगलेल्या, कोपऱ्यात डंबेल्सचा ढीग, आणि कपाटावर जुना पृथ्वीगोल. भूगोल-अर्थशास्त्राच्या पेपराला प्रभुदेसाईबाई स्वतः आल्या आणि त्यांनी त्या गोलावर गोणपाट टाकलं. मग फिलूसमोर उभ्या राहिल्या. "जे ही बोलेल तेच लिहायचं. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. तू प्रश्न वाचायचा, बाकी तोंड उघडायचं नाही. शपथ घे." फिलू पांढरी पडली. तिने कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावला. बाई गेल्या. पर्यवेक्षणाला पवार सर होते, कवायत शिकवणारे. त्यांनी गादीवर बैठक मारली आणि दहाव्या मिनिटाला त्यांची मान कलली.

मी सुरू केलं. विमान आलं की लेझिमी खुळखुळायच्या, मी हात वर करायची, थांबायची, पुन्हा सुरू. फिलू मान खाली घालून लिहीत होती आणि प्रश्न वाचण्यापलीकडे एक अक्षर बोलत नव्हती. कुणी उत्तर दिलं नाही की मी जास्तच बोलते. पहिली पुरवणी लागली, मग दुसरी, मग तिसरी. बाहेर हुशार पोरी एका पुरवणीत संपल्या होत्या. मला काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, पण पानं मोजता येत होती. मी बाहेर आले ती हवेत चालत. घरी सांगितलं, आई, तीन पुरवण्या लावल्या. आईने शिरा केला, बेदाणे घालून.

चार दिवसांनी शिपाई मला आणि फिलूला वर्गातून घेऊन गेला. बाबांनाही बोलावलं होतं. ते लिफ्टच्या खाकी कपड्यांतच आले होते. टेबलावर माझा पेपर, त्याच्यावर लाल शून्य. शून्य मला लांबूनही वाचता यायचं. प्रभुदेसाईबाईंचा चेहरा बघून मी सतरा नंबरचा फॉर्म डोळ्यांपुढे आणला. "वाचा बाई तुम्हीच," त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या. "मागणी-पुरवठ्याचं वाचा." मोठ्या बाईंनी चष्मा लावला आणि सावकाश, एकसुरी आवाजात वाचायला लागल्या.

"थांब, विमान जाऊ दे. हां, लिही. सकाळी बाजारात बोंबील कमी आणि बायका जास्त, तेव्हा कोळीण मान वर करून बोलत नाही. म्हणजे पुरवठा कमी, मागणी जास्त, किंमत वर. लिहिलंस? दाखव. अक्षर काय झकास आहे गं तुझं. साडेबारा वाजले की बायका घरी स्वयंपाकाला, बोंबील मऊ पडायला लागले, बर्फ संपला. मग तीच कोळीण ताई-ताई करते. म्हणजे मागणी कमी, किंमत खाली. पण किती खाली, तर तिला घरी जायचं भाडं सुटेल इथपर्यंतच. त्याच्याखाली ती माल मांजराला घालेल पण तुला देणार नाही. हे पुस्तकात नाही, तरी लिही. मिरचीने हे चार तास शिकवलं, मला बाजारात पाच मिनिटांत कळलं. पवार सर घोरतायत का गं? थांब, विमान जाऊ दे."

मोठ्या बाईंनी पान खाली ठेवलं. माझे कान पेटले होते. मी फिलूकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पाठ सरळ. "बाई, तुम्हीच सांगितलात," ती प्रभुदेसाईबाईंना म्हणाली. "एक शब्द कमी नाय. मी खुरसाची खूण केली होती." आणि तेव्हा नेमकं वरून विमान गेलं. सवयीने मी हात वर केला. बाबांनीही केला. मोठ्या बाईंनी ते वर गेलेले दोन हात बघितले, पेपराकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून एक बारीकसा आवाज आला, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा. मग त्या हसल्या. चष्मा काढून, पदर तोंडाला लावून, टेबलाला धरून हसल्या. दारातला शिपाई घाबरून आत आला. बाबांना हसावं की नाही कळेना, म्हणून ते शिपायाला बघून हसले. मग मीही सुटले, आणि रडताना हसणं जमत नाही म्हणून फिलूला उचकी लागली.

"प्रभुदेसाई," मोठ्या बाई श्वास सापडल्यावर म्हणाल्या, "हिने हे कुठून उतरवलं असेल? बोंबलाचं गाइड निघालंय का बाजारात?"

"उद्धटपणा आहे बाई हा."

"आहेच की. पण येतंय ना तिला?"

प्रभुदेसाईबाईंनी नाइलाजाने मान डोलावली. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. हा त्यांचा गुण मी मान्य करते, रागाने का होईना. मोठ्या बाईंनी लाल पेन त्यांच्या हातात दिलं. "जे उत्तर नाही ते खोडा. उरेल त्याला मार्क द्या." आम्ही चौघं उभे, आणि बाई बसून खोडत राहिल्या. विमानंच अकरा निघाली. पवार सरांचं घोरणं दोनदा. एका ठिकाणी मी फिलूला तिच्या आईच्या मसाल्याची कृती विचारली होती, तीही निघाली. शेवटी चाळिसांतले तेवीस उरले. पास व्हायला चौदा लागत होते. बाबांनी डोळे मिटले. पण बाईंनी पेन ठेवलं नाही. "मिरचीच्या वाक्याचे चार कापणार," त्या म्हणाल्या. मोठ्या बाईंनी मान हलवली.

एकोणीस. तरी मी पासच होते. त्या क्षणी कुठल्याही शहाण्या मुलीने नमस्कार करून बाहेर पडायला हवं होतं. मी म्हटलं, "दोन कापा बाई. वाक्य एकच आहे." मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सहा कापू?" मी बाबांच्या पायाची वाट बघितली नाही. "चार ठीक आहेत," मी म्हटलं. त्यानंतर इतक्या वर्षांत मला असं कुणी गप्प केलेलं नाही.

मोठ्या बाईंनी त्याच दिवशी नियम केला. मी "लिही" म्हटलं की लेखनिकाने लिहायला लागायचं, "बस" म्हटलं की थांबायचं, मधलं तेवढं उत्तर. बोर्डालाही आम्ही तसंच केलं आणि मी पास झाले. किती मार्क ते विचारू नका, पण सर्टिफिकेटशेजारी बाबांनी दुसरा खिळा मारला. त्या खेळाच्या खोलीतून पुढे डंबेल्स हलवली. आता तिथे टेबल, दोन खुर्च्या, पंखा आहे, आणि दरवर्षी चार-पाच मुलं तिथे बसून "लिही" आणि "बस" म्हणतात. खुर्च्या माझ्या गोडाऊनच्या आहेत, फुकट दिल्या. भाव केला नाही. आयुष्यातला तेवढा एकच माल.

आणि आता माझं भांडण. दोन वर्षांपूर्वी शाळेत जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. प्रभुदेसाईबाईंना स्टेजवर नेलं. केस पांढरे, पाठ वाकलेली, आवाज तसाच. त्या माईकवर म्हणाल्या, "वैशालीची हुशारी मी ओळखली होती. म्हणून तर मी लेखनिकेला बजावलं, जे बोलेल तेच लिही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी फिलू बसली होती. ती आता कोर्टात स्टेनो आहे, साक्षीदार बोलतो ते शब्दाला शब्द उतरवते. तिने माझा हात घट्ट धरला. "वैशू, आता नको हां." पण मी उठलेच. बाई स्टेजवरून उतरत होत्या, मी त्यांना आधाराला हात दिला आणि कानात म्हटलं, "सुजाताबाईंचं नाव घ्यायचं राहिलं. आणि माझे चार मार्क द्या."

त्यांनी मला ओळखलंच होतं. एक पायरी उतरल्या, थांबल्या. "सुजाताचं चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "सांगते माईकवर." आणि त्या खरंच परत वळल्या, माईक मागून घेतला आणि सुजाताबाईंचं नाव पूर्ण, आडनावासकट, सांगितलं. मग पुन्हा माझा हात धरून खाली आल्या. "मार्कांचं म्हणशील तर दोन देईन. एका अटीवर. कधी कुठे माझ्याबद्दल लिहिलंस तर नीट नावाने लिही. मिरची नको."

"तीन," मी म्हटलं.

"विचार करून सांगते," त्या म्हणाल्या आणि चहाच्या टेबलाकडे गेल्या.

अजून त्यांचा निरोप नाही. मी तीनच्या खाली येणार नाही. नाव मात्र मी पहिल्यापासून नीट, बाई लावून लिहिलंय, तपासून बघा. मिरची जिथे आलंय ते पोरींनी म्हटलेलं नाहीतर फिलूने उतरवलेलं आहे, आणि तिने शपथ घेतली होती. बस.